म्हशीवर बसलेलं गिऱ्हाईक

साहेब, बसाप्पा हुक्केरीची म्हैस तुम्ही मारली. गोठ्यातली नव्हे, ती आपल्या मरणानं गेली. कॅनव्हासवरची. चाकू बसाप्पाच्या हातात होता हे कबूल, पण तो चालवायची अक्कल तुमची. माईकसमोर उभं राहून, खांद्यावर रेशमी उपरणं टाकून वाटलेली.

तुम्हाला आठवणार नाही. गावोगाव व्याख्यानं देणाऱ्याला कुठलं गाव आठवतं? दोन हजार दोन सालची गोष्ट. आम्हा कोल्हापूरच्या चित्रकारांना चित्रं काढता येतात, विकता येत नाहीत, म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. मागच्या रांगेत बसाप्पा बसला होता, मंगळवार पेठेतला. वीस वर्षं त्यानं थिएटरचे बोर्ड रंगवले. चौकातल्या बोर्डावरची त्याची नटी बघून सायकलवाले एकमेकांवर आदळायचे. मग फ्लेक्स आला. मशीन तासाभरात नटी ओकायला लागलं आणि बसाप्पा घरी बसला.

घरी बसून काय करणार? स्वतःची चित्रं काढायला लागला. बायको चन्नम्मा, निपाणीकडची, तोंडानं फटकळ. तिनं एका दमात निकाल लावला होता.

"हे बगा, औंदाच्या प्रदर्शनात एक तरी चित्र इकून दावा. न्हाय इकलं तर गुमान वडगावला माझ्या भावाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसायचं. शिवाची आन."

"इकलं तर?"

"इकलं तर जल्मभर रंगवा. मी तोंड उघडनार न्हाय."

"मग इकलंच पायजे," बसाप्पा म्हणाला.

विकायला त्याच्याकडं एकच मोठं चित्र होतं. पाडव्याच्या म्हशीचं. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात. शिंगं रंगवायची, कपाळावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, आणि मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल बोंबलवत पुढं, म्हैस शेपूट उंच करून मागं. हंबीररावची चंद्री अशी पळायची की रस्ता दुभंगायचा. हा हंबीरराव दूधकट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढणारा गडी. बसाप्पा वर्षभर रोज पहाटे कट्ट्यावर कागद घेऊन बसायचा. हंबीरराव त्याला फेसाळ दुधाचा पेला द्यायचा आणि चंद्रीला दम भरायचा.

"हलू नगंस गं भवाने, पेंटर तुजा फोटू काढत्यात."

आणि दर आठवड्याला विचारायचा, "पेंटर, कवा व्हायचं ओ चित्र?"

"व्हईल की."

"डोळं काडलं का?"

"डोळंच तर काडलं पयलं."

बसाप्पाला वाटायचं, रिकामटेकडा विचारतोय. बनियनवरचा, शेणात पाय असलेला माणूस चित्राचं विचारतोय म्हणजे त्याला चित्र पाहिजे असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. ते येऊ नये अशीच सोय तुमच्या व्याख्यानात होती.

काय बोललात तुम्ही? "म्हशींची चित्रं काढता? म्हशी कोण घरात बांधणार?" असं म्हणालात आणि सभागृह हसलं. बसाप्पाही हसला, चारचौघांत हसावं लागतं म्हणून. मग तुम्ही म्हणालात, "आधी आपलं आदर्श गिऱ्हाईक ओळखा. डोळ्यांसमोर आणा. त्याचं वय, त्याचे कपडे, त्याचा सोफा. भिंतीचा रंग कुठला? फिश टँक आहे का? तो स्पष्ट दिसेपर्यंत ब्रशला हात लावू नका." शिवाय तो कसा असतो तेही सांगून टाकलंत. पंचेचाळिशीचा, सफारीतला, सोनेरी काडीचा चष्मा, बिस्किटी रंगाची भिंत.

बसाप्पानं ते मनावर घेतलं. आता, वीस वर्षं बोर्ड रंगवलेल्या माणसाला 'स्पष्ट डोळ्यांसमोर आणा' म्हटल्यावर तो काय करणार? डोळे मिटून पाटावर बसणार? त्यानं कॅनव्हास ओढला. कोरा कॅनव्हास घ्यायची ऐपत नव्हती. म्हशीचाच घेतला. आणि म्हशीच्या तोंडावर रंगाचे जाड थर होते, नव्या माणसाच्या पोटातून ते उचलून दिसले असते, म्हणून आधी चाकूनं चंद्रीचं तोंड खरवडून काढलं. डोळ्यांसकट.

चन्नम्मा दारात उभी राहून बघत होती. "आई गं! वरीसभर घासलेलं चित्र ओ ते!"

"गिऱ्हाईक दिसल्याबिगर इकायचं कुनाला?"

महिनाभरात गिऱ्हाईक तयार झालं. सफारी, चष्मा, चामड्याच्या सोफ्यावर पसरलेली मांड, मागं फिश टँक आणि बिस्किटी भिंत. भिंतीवर मधोमध जागा कोरी. तिथं बसाप्पाची चित्रं लागणार होती ना! असा हुबेहूब बेपर्वा चेहरा जमला होता की चन्नम्मा जाता-येता त्याच्यासमोर पदर सावरायची.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी तुम्ही आलात. चित्रासमोर थबकलात.

"हे कोण?"

"तुमी सांगितल्यालं गिऱ्हाईक, सायेब."

तुम्ही पोट धरून हसलात. "अहो, डोळ्यांसमोर आणा म्हणालो मी, कॅनव्हासवर नाही!"

"चित्रकाराचं डोळं आनि कुठं असत्यात?" बसाप्पानं विचारलं. तुम्ही घड्याळ बघितलंत. तुमची जेवणाची वेळ झाली होती.

मग दुसऱ्या दिवशी, देवाशपथ, ते गिऱ्हाईक खरंच आलं. तीच सफारी, तोच चष्मा. कुणी बिल्डर होता. चित्रापुढं बराच वेळ उभा राहिला. चन्नम्मानं बसाप्पाला कोपर मारलं, "बोला की!"

"घ्यायचं काय, मालक?"

"तेच म्हनतोय," बिल्डर म्हणाला. "ह्यो सोफा कुठल्या दुकानातला? आमच्या मंडळीला असलाच पायजे."

"आनि तुमच्या घरच्या भिंतीला?" बसाप्पानं विचारलं.

"भिंतीला काय, धबधब्याचा कागद चिकटवलाय. जुन्या सोफ्याबरोबर फुकट मिळाला."

गेला. तुमचं आदर्श गिऱ्हाईक, साहेब. सोफ्याचा पत्ता नाही मिळाला म्हणून जरा नाराज होऊन गेला.

शेवटच्या दिवशी दुपारी हंबीरराव आला. इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा, लग्नाला निघाल्यासारखा. आठवड्यापूर्वी चंद्री गेली होती, पोट फुगून. बसाप्पाला कानोकान खबर नव्हती, महिनाभर तो कट्ट्याकडं फिरकलाच नव्हता. गिऱ्हाईक काढत होता ना.

हंबीररावनं सगळ्या भिंती बघितल्या. "पेंटर, माजी म्हस कुठाय? न्यायला आलोय. किती द्यायचं ते सांगा, घासाघीस न्हाय करत."

बसाप्पानं चित्रातल्या सफारीवाल्याच्या पोटाकडं बोट केलं. "ह्याच्या खाली हाय."

हंबीरराव जवळ गेला, निरखून बघितलं. "आयला! ह्यो माज्या म्हशीवर बसलाय व्हय? उठवा की त्येला!"

बसाप्पानं टर्पेंटाइन आणलं, चिंधी आणली, भर हॉलमध्ये पुसायला बसला. वरचा रंग अजून ओलसर होता, निघाला; खालचा वाळून घट्ट बसला होता. सोफा गेला, शिंग आलं. फिश टँक गेला, मोरपीस आलं. मग कवड्यांची माळ आली, आणि माळेच्या वर, चंद्रीच्या तोंडाच्या जागी, नुसतं उघडं कापड.

"डोळं?" हंबीररावनं विचारलं.

"खरवडलं."

"परत काडा की."

"कुनाला बघून काडू, दादा?"

हंबीररावनं त्या कापडावरनं बोट फिरवलं. मग फेटा सोडून त्यानं चित्राभोवती गुंडाळला आणि खिशात हात घातला. बसाप्पानं तो धरला. "आंधळ्या म्हशीचं पैसं घिऊ? न्हाय दादा. तशीच न्या." चन्नम्मानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. पैसे नाही आले म्हणजे विक्री नाही झाली, आणि शिवाची आण तिनंच घातली होती.

सोमवारी बसाप्पा पेठ वडगावच्या एसटीत बसला. आता मेव्हण्याच्या दुकानात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स निघतात, त्यांच्या कडा कापतो. चंद्री गोठ्यात टांगली आहे. हंबीरराव रोज तिच्यासमोर दुसऱ्या म्हशीची धार काढतो आणि शिव्या घालतो. कुणाला, ते तुम्ही ओळखा.

तर साहेब, आम्हाला गिऱ्हाईक ओळखायला शिकवलंत, झकास. आता एकच सांगा. तुम्ही स्वतः, खिशातले पैसे मोजून, जन्मात एक तरी चित्र विकत घेतलंय का? घेतलं असेल तर ते कुठल्या भिंतीवर आहे? बोला. आम्ही बघायला येतो.