काटा पडला तर खरं सांगायचं

देवेंद्रकाकांनी दार उघडलं ते अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात ते स्वतः उभे राहिले. इराने क्लिपबोर्ड पुढे केला, तसे त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. जणू तिने तापलेला तवाच धरायला दिला होता.

"क्रिप्टो? छे, छे! आम्ही नाही बुवा त्या फंदात."

"काका, फक्त पाच सवाल आहेत. शाळेच्या निबंधासाठी. नाव पण नाही लिहायचं."

"नाव न लिहिता विचारतात ना, तिथेच गडबड असते. रत्नाकरला विचारलंस?"

"बाबा पण नाहीच म्हणाले."

"म्हणेलच." काकांची नजर तिच्या खांद्यावरून समोरच्या ब्लॉककडे, इराच्याच घराच्या बाल्कनीकडे गेली. "पूर्वी संध्याकाळी फिरायला यायचा माझ्याबरोबर. आताशा दिसत नाही."

दार लागलं. त्या हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या कॉलनीतलं हे शेवटचं मराठी घर. सगळ्या कागदांवर एकच उत्तर होतं: नाही, नाही, नाही.

इरा दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली, पण नेहमीसारखं गुणगुणणं काही जमेना. जिल्ह्याच्या स्पर्धेत शाळेकडून अर्थशास्त्राचा एकच निबंध जाणार होता, आणि आराखडा शुक्रवारी द्यायचा होता. पहिला आराखडा तिने मोठ्या थाटात नेला होता. 'क्रिप्टोकरन्सी : वरदान की अभिशाप'. रजनी मॅडमनी शीर्षकावरच रेघ मारली.

"ये तो आठवीं की डिबेट हुई, इरा. बाकी सब इंटरनेट का है. तुम्हारा अपना क्या है इसमें?"

तिचं स्वतःचं म्हणून हा सर्वे होता, आणि तो आता फुसका बार निघाला होता.

घरी आली तर बाबा बाल्कनीत. फोन मांडीवर पालथा. दिवाळीपासून बाबांचं असंच चाललं होतं. दुसरी पोळी वाढली की ताटावर हात आडवा. हाक मारली की दचकायचे. एकदा तर ते खाली स्कूटरवर हेल्मेट घालून नुसतेच बसलेले तिला दिसले होते. वर यायचं जणू विसरूनच गेले होते. आणि परवा स्वयंपाकघरातून आईचा दबका आवाज आला होता, "कुठे दुखतंय का, एवढं तरी सांगा. मी कुणाला नाही सांगणार." त्यावर बाबा उठून बाल्कनीत निघून गेले होते.

त्या निघून जाण्याचा अर्थ इराने आपल्या मनाशी लावून ठेवला होता, आणि तो अर्थ ती कुठल्याही कागदावर लिहायला धजली नसती.

जेवण झाल्यावर तिने संख्याशास्त्राचं पुस्तक उघडलं. त्यात, लोकांना ज्याची लाज वाटते ते कसं विचारावं, यावर अर्धं पान होतं. ते वाचता वाचता ती खुर्चीवरून उठलीच.

"आई! उद्या मराठी मंडळात किती माणसं येतील?"

"शेवटचा गुरुवार. तीस तरी. का गं?"

"मला आरतीनंतर पाच मिनिटं पाहिजेत. बस!"

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. बड्या बाजारामागच्या मंडळाच्या हॉलमध्ये देवीची आरती झाली. शाली, मफलर, माकडटोप्या, आणि प्रसादाला मटार घातलेली खिचडी. कमलिनीकाकू आरतीच्या तबकात टाकायला नाणी घरूनच आणून सगळ्यांना वाटत असत. कारण हल्ली कुणाच्या खिशात नाणं म्हणून सापडत नसे.

इरा अध्यक्षांसमोर उभी राहिली. अध्यक्ष नारायणराव म्हणजे गुरसराय संस्थानाकडचे, जुन्या घराण्यातले. त्यांनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं.

"तू बोलणार? गेल्या वर्षी आईच्या पदराआडून बाहेर येत नव्हतीस. तुझ्या मराठीला कुणी हसलं म्हणून."

"अजून पण हसतात, आजोबा. आता मी पण हसते."

नारायणरावांनी काठी आपटून शांतता केली.

"ऐका सगळे," इरा म्हणाली. आवाज पहिल्या शब्दाला चिरकला, मग सरळ झाला. "एक सवाल विचारणार. पण जवाब द्यायच्या आधी सिक्का उडवायचा. कुणाला दाखवायचा नाही. छापा पडला तर काही असो, हात वर करायचा. काटा पडला तर खरं सांगायचं. खरं हो असेल तरच हात वर. मतलब, हात वर दिसला तरी तो छाप्यामुळे की खरंच, हे कुणालाच कळणार नाही. मला पण नाही."

"म्हणजे चोर आणि साव एकाच रांगेत?" मागून कुणीतरी म्हणालं.

"एकदम! म्हणून चोराला भ्यायचं कारणच नाही."

हशा पिकला. कमलिनीकाकूंनी तबकातली नाणी पुन्हा वाटली. तेवढ्यात नारायणराव म्हणाले, "देवीपुढचा पैका आहे हा. हातात धरून खोटं बोलाल तर तुमचं तुम्ही बघा."

हे काही इराच्या आराखड्यात नव्हतं. पण हॉल असा गप्प झाला की खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण थडथडताना ऐकू यायला लागलं.

"सवाल असा," ती म्हणाली. "क्रिप्टोत पैसे घालून घरच्यांपासून लपवलंत का?"

नाणी उडाली. काही तळहातावर पडली, काही सतरंजीवर. लोक ओणवे होऊन, ओंजळीने झाकून बघू लागले. मग हात वर होऊ लागले. देवेंद्रकाकांचा झटकन. कमलिनीकाकूंचा, हसत. नारायणरावांचा, काठीसकट. बाबा मूठ मिटून खाली बघत बसले होते. बाकीचे हात वर जाऊन थांबले, तेव्हा त्यांचा हात उठला. कोपर वाकलेलंच राहिलं.

इरा मोजायला लागली. तीस माणसं, म्हणजे छापे साधारण पंधरा. हात निघाले तेवीस.

"आठ जास्त," ती स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्याने, "काटा पडलेल्या पंधरातले आठ! मतलब... आपल्यातले अर्धे!"

"काय सांगतेस!" नारायणराव म्हणाले. "अर्धं मंडळ?"

कुणी कुणाकडे बघेना, आणि मग सगळेच सगळ्यांकडे बघू लागले. इरा नाणी गोळा करत बाबांपर्यंत आली, तेव्हा आई त्यांच्याकडे झुकून हळूच विचारत होती.

"छापा की काटा?"

बाबांनी मूठ उघडली. नाणं तिच्यापुढे धरलं.

"काटा," ते म्हणाले. "बरेच गेले, मृदुला. तीन वर्षांची बचत."

आईने डोळे मिटले. इराला वाटलं, आता रडेल. पण आईने एक लांब, खूप लांब श्वास सोडला आणि शालीचं टोक तोंडाशी धरलं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "अहो, एवढंच ना? मी काय काय समजून बसले होते! दोन डॉक्टरांचे नंबर आणलेत मी!"

 एवढंच! इराही कितीतरी दिवस बाबांना मोठा आजार झालाय, असंच धरून चालली होती! पैसे गेले होते, आणि बाबा समोर धडधाकट बसले होते. तिला एकदम भूक लागली.

"माझाही काटा रे, रत्नाकर," शेजारून देवेंद्रकाका म्हणाले. ते कधी सरकून जवळ बसले होते, कुणास ठाऊक. "तुझा कॉइन कुठला?"

बाबांनी नाव सांगितलं.

"तोच!" काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, मला वाटायचं, तुला माझं कळलंय म्हणून तू फिरायला येणं सोडलंस."

"मला वाटलं, तुला माझं कळलंय."

"माझा पण काटा!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. मग आणखी एकजण. कुणाच्या बायकोचा आवाज चढला, कुणी पोट धरून हसायला लागलं.

"असं सांगायचं नाही! गुप्त आहे ते!" इरा ओरडली. कुणी ऐकलं नाही. पुस्तकातल्या त्या अर्ध्या पानाचा पार बोऱ्या वाजला होता. आणि तिला कळत होतं, निबंधात उद्या काय विचारायचं ते. बुडालेल्या पैशापेक्षा लोक 'आपण एकटेच बुडालोय' या समजुतीलाच जास्त का भितात? हे इंटरनेटवर नव्हतं. हे तिचं होतं.

तबक जागेवर ठेवताना कमलिनीकाकूंनी नाणी मोजली.

"एक कमी आहे गं."

"ते माझ्याकडे राहू दे," बाबा म्हणाले. ते उठून दानपेटीपाशी गेले आणि तिथल्या क्यूआरसमोर त्यांनी फोन धरला. खिचडीच्या गजबजाटावर पेटीवरचा, पैसे आल्याचं सांगणारा डबा खणखणीत आवाजात बोलला, "एक रुपया प्राप्त हुआ."

सगळा हॉल हसला. बाबा परत येऊन बसले, ताट पुढे ओढलं आणि आईने दुसऱ्यांदा खिचडी वाढली तेव्हा हात आडवा घातला नाही. फोन त्यांनी शेजारी सतरंजीवर ठेवला होता, उताणा. त्यावर काहीतरी लुकलुकलं. तिकडे न बघता त्यांनी तूप मागितलं.