बर्फातले करकोचे

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. नाव नकटी. मी पिल्लू असताना एका मांजरीने माझ्या नाकाचा शेंडा फाडला होता. ते पाहून बाबा पोट धरून हसले आणि म्हणाले, "ही नकटी काय वास घेणार!" तेच नाव मला कायमचे चिकटले. पण वास मी घेतला. जन्मभर तेवढेच केले. आता डोळे अधू झाले आहेत, मागचे पाय जड झाले आहेत, नाक मात्र अजून बरे चालते.

माझे काम तुम्हाला जरा विचित्र वाटेल. कोणी कुत्रा मेंढ्या राखतो, कोणी दार राखतो. मी मेलेले पक्षी शोधत असे.

आमच्या गावाशेजारी एक लांबच लांब टेकडी आहे. तिच्या एका अंगाला गाव आणि कोळशावर चालणारे जुने वीजघर, दुसऱ्या अंगाला मोठी पाणथळ. वीजघराच्या धुराने गावातल्या खिडक्या काळ्या होत. दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे करडे होत. ताईची आई त्याच धुराने खोकून खोकून गेली. ती गेली तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

ताई म्हणजे माझी मालकीण. ती पक्ष्यांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. बाबा म्हणजे तिचे वडील. त्यांचा मासळीबाजारामागे बर्फाचा कारखाना होता. त्यांच्या अंगाला नेहमी गार पाण्याचा, लाकडाच्या भुशाचा आणि तंबाखूचा वास येई. मला तो वास फार आवडे. ताईला पक्ष्यांचे वेड लावले तेही बाबांनीच. दर हिवाळ्यात पाणथळीवर करकोचे उतरत. उंच, राखाडी, लांब मानेचे ते पक्षी पाहायला बाबा छोट्या ताईला खांद्यावर बसवून नेत. तोंडापाशी दोन्ही हात धरून ते करकोच्यांसारखी अशी हुबेहूब साद घालत, की पाण्यापलीकडून उत्तर येई.

पुढे टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ताईला कोण आनंद झाला! धूर न करता वीज होणार होती. पण फिरत्या पात्यांना धडकून पक्षी मरतात का, मरत असतील तर किती, हे कोणीतरी नीट पाहायला हवे होते. ते काम ताईला मिळाले, आणि ताईने मला हाताशी धरले. ती गवतात पिसे लपवायची. मला सापडली की मी शेजारी शांत बसायचे, तोंड लावायचे नाही. मग ती खिशातून लाल चेंडू काढायची. पुढे पिसांच्या जागी खरेच मेलेले पक्षी सापडू लागले. मी बसले की ताई माझ्याकडे पाहून हसायची आणि चेंडू फेकायची. मला वाटे, मी काहीतरी शोधले की जगात काहीतरी चांगले घडते. चेंडू घेऊन परत येईपर्यंत ती त्या पक्ष्याशेजारी गुडघ्यांवर बसलेली असे. तिचे हसू माझ्यापुरते होते, हे कळायला मला बराच काळ लागला.

गावात मात्र तोवर दोन तट पडले होते. न्हाव्याच्या दुकानात, बेकरीसमोरच्या रांगेत, बसथांब्यावर तोच विषय. एक तट म्हणे, चक्क्या हव्यात, आणखी हव्यात, म्हणजे ते धूर ओकणारे वीजघर बंद तरी होईल. दुसरा म्हणे, पक्ष्यांचे खाटीकखाने आहेत हे, सगळ्या पाडा. या दुसऱ्या तटाची समिती झाली आणि तिचे प्रमुख झाले बाबा. म्हणजे एकाच घरात दोन पक्ष! पण जेवताना गंमत चाले.

"काय चक्कीवालीबाई, आमटी वाढू का आणखी?" बाबा विचारत.

"वाढा की, पंखवाले," ताई ताट पुढे करी.

मी टेबलाखाली दोघांच्या पायांवर मान टाकून पडे. तेवढे सुख मला पुन्हा कधी मिळाले नाही.

दोन हिवाळे टेकडी पालथी घातल्यावर ताईला उत्तर सापडले. बहुतेक चक्क्यांखाली फारसे काही मिळत नव्हते. पाणथळीवर झुकलेल्या कड्यावरच्या तीन चक्क्या मात्र घातक होत्या. त्याही धुक्याच्या सकाळी, करकोचे पाण्यावरून उठतात तेव्हाच. ताई म्हणाली, "करकोच्यांच्या दिवसांत धुकं विरेपर्यंत फक्त या तीन थांबवा. बाकीच्या खुशाल फिरू द्या." इतके सोपे होते ते.

चक्क्यांच्या कंपनीचे साहेब म्हणाले, "बघू." समितीतले लोक म्हणाले, "तीनच? हिला कोणी फितवलं की काय?" ताईची अवस्था धड ना इकडची, धड ना तिकडची अशी झाली. जेवताना बाबाही आता फारसे बोलत नसत. ते खिडकीतून टेकडीकडे पाहत बसत.

मग ती सकाळ आली. गावसभा आठवड्यावर होती. ताई आणि मी कड्यावर गेलो. हवा स्वच्छ होती, गवत कोरडे होते. वारा सुटला आणि मला वास आला. मी धावले. चक्कीखाली चार करकोचे पडले होते. मी शेजारी बसायला हवे होते, पण मी बसले नाही. माझी शेपटी जोरजोरात हलू लागली. मी भुंकले, गोल फिरले, दगडांमागे पाहून आले. मी बाबांना शोधत होते. त्या पक्ष्यांना बाबांचा वास येत होता.

"नकटी, अगं काय झालं तुला?" ताई म्हणाली. मग तिने वाकून एक पंख उचलला. पिसे ओलीचिंब होती. पंखाच्या आत बर्फाचा एक खडा अजून विरघळायचा होता. बोटांना लाकडाचा भुसा लागला. त्या दिवशी चेंडू खिशातून निघालाच नाही.

दुपारपर्यंत समितीने त्या चार पक्ष्यांचे फोटो गावभर भिंतींवर लावले होते. ताई बर्फाच्या कारखान्यात गेली. बाबा लादी फोडत होते.

"बाबा, ते करकोचे तुम्ही ठेवलेत?"

बाबांचा हात थांबला. "मागच्या हिवाळ्यात वीजघराच्या तारांना चिकटून मेले होते. फेकून द्यायला जीव झाला नाही. बर्फात ठेवले."

"आणि काल चक्कीखाली नेऊन टाकलेत."

"मेलेलेच आहेत ना? तारांनी मेले काय, पात्यांनी मेले काय! पक्षी मरतायत हे तर खरं आहे!"

"मग माझ्या मोजणीचं काय?"

"तुझ्या मोजणीने कोणाच्या पोटातलं पाणी तरी हललं का?" बाबा ओरडले. मग आवाज उतरला. "पोरी, चार फोटोंनी गाव जागं झालंय. राहू दे की."

"मी ते मोजणीत धरणार नाही, बाबा. आणि सभेत तसं सांगणार."

"सांग. बापाला फासावर चढव."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. कोणाकडे जावे तेच मला कळेना.

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. लोक बाकांवर दाटीवाटीने बसले, उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले. ताई बोलायला उठली. तिचे शब्द स्वच्छ होते. "भिंतींवर ज्यांचे फोटो आहेत, ते चार पक्षी चक्कीने मारलेले नाहीत. ते तिथे कोणीतरी आणून ठेवले. ते मी धरलेले नाहीत. पण त्याआधी जे सापडले ते खरे आहेत, आणि तेवढ्यासाठी तरी त्या तीन चक्क्या—"

पुढचे कोणाला ऐकूच आले नाही. "कोणी ठेवले? नाव सांगा!" बेकरीवाला उठून ओरडला.

"ज्याने ठेवले त्याने सांगावं," ताई म्हणाली. "मी नाव घेणार नाही."

बाबा पहिल्या बाकावर होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि गुडघ्यावर मान ठेवली. त्यांनी जमिनीकडे पाहत मला हळूच ढकलले. "जा, नकटी. तिकडे जा." याहून जास्त ते त्या सभेत काही बोलले नाहीत.

समितीवाले ओरडू लागले, "विकली गेली! कंपनीचं माणूस!" कंपनीचे साहेब हसऱ्या चेहऱ्याने उठले. "फसवाफसवी चालते हे बाईंनी स्वतःच कबूल केलं. मग आधीचे पक्षी तरी खरे कशावरून?"

"कारण ते मी स्वतः पाहिलेत. नकटीने शोधलेत."

"म्हणजे कुत्रीची साक्ष?"

सगळा वर्ग हसला. दोन्ही तट एकत्र हसले, असे त्या गावात बऱ्याच दिवसांनी घडले. ताईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. तीन चक्क्यांचा विषय तिथेच संपला. ताईची मोजणी बंद झाली. आणि या शास्त्रवाल्यांचे काही खरे नसते, असे म्हणत गावाने टेकडीवर येऊ घातलेली चक्क्यांची दुसरी ओळही नको म्हटले. जुने वीजघर तसेच धूर ओकत राहिले.

ताईने शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. ती एका शाळेत शिकवू लागली. बाबा कधी आले नाहीत. जिन्यावर पाऊल वाजले की मी कान टवकारी, पण कोणीतरी कपडे टाकायला आलेले असे.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी दाट धुके पडले. खिडकीबाहेरचे काही दिसेना. आणि टेकडीपलीकडच्या पाण्यावरून करकोच्यांची साद आली. एक नाही, अख्खा थवा. ताईने धावत फोन उचलला. "साहेब, हात जोडते, धुकं विरेपर्यंत कड्यावरच्या तीन चक्क्या थांबवा. थवा पाण्यावर उतरलाय, आता उठेल."

पलीकडचा आवाज मला ऐकू आला. "बाई, तुमच्या सांगण्यावरून? मागचं विसरलात वाटतं."

आम्ही टेकडीवर पळालो. धुक्यात पात्यांचा आवाज तेवढा येत होता, आणि आणखी एक आवाज. डबा बडवल्याचा. कड्याच्या टोकाशी बाबा उभे होते. पायांत चपला नव्हत्या. ते तेलाचा रिकामा डबा काठीने बडवत होते आणि घसा फोडून ओरडत होते, "हट्! तिकडे जा! अरे, इकडे येऊ नका रे!" ज्या पक्ष्यांना ते जन्मभर साद घालत आले होते, त्यांना ते आज हाकलत होते.

काही वळले. सगळे वळले नाहीत. पात्यांचा आवाज क्षणभर बदले, आणि मग गवतात काहीतरी जड पडल्याचा आवाज येई. मी जाऊन एकेकाशेजारी बसत होते. चेंडूसाठी मी वर पाहिले नाही.

बाबा खाली बसले. डबा घरंगळत गेला. "ते बर्फातले मी ठेवले होते, पोरी," ते म्हणाले. जणू ताईला ठाऊकच नव्हते.

"माहीत आहे, बाबा."

"सभेत माझी जीभ उचलली नाही गं."

ताईने गळ्यातला मफलर काढून त्यांच्या उघड्या पायांना गुंडाळला.

मग बाबा उठले. त्यांनी एक करकोचा दोन्ही हातांवर उचलून घेतला आणि गावाची वाट धरली. ताई मागे, तिच्यामागे मी. बेकरीसमोर रांग होती. बाबा रांगेसमोर उभे राहिले. "मागचे चार मी ठेवले होते," ते मोठ्याने म्हणाले. "माझी पोर खरं बोलत होती. हा आत्ता मेलाय. वर अजून पडलेत. चला, बघा. त्या चक्क्या थांबवायला सांगा."

बेकरीवाल्याने पाव गुंडाळता गुंडाळता वर पाहिले. "बाबा, या वेळी बर्फ कुठला?"

लोक हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. एखाद्या म्हाताऱ्याच्या जुन्या खोडीला हसावे तसे ते हसले.

"खरा आहे हो," बाबा म्हणाले. पक्ष्याची लांब मान खाली लोंबत होती. "हात लावून बघा. अजून गरम आहे. कोणीतरी हात लावा."

कोणीही हात लावला नाही. रांग पुढे सरकली. बाबा तिथेच उभे राहिले. शेवटी ताईने पुढे होऊन त्यांच्या हातांखाली आपले हात दिले.

बाबा त्या हिवाळ्यातच गेले. डॉक्टरांनी छातीचे दुखणे सांगितले. त्यानंतर करकोचे आमच्या पाणथळीवर उतरलेले नाहीत. खूप उंचावरून त्यांची रांग जाते. ताई मान वर करून पाहते, मला आता दिसत नाही. मला नुसते ऐकू येते.

मित्रांनो, पक्ष्यांवर माया करा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. बाबांएवढी माया कोणी केली नसेल. मी एवढेच सांगेन, की ज्याच्यावर माया कराल त्याच्याविषयी खरे तेवढेच सांगा, तुमच्या बाजूला ते कमी पडत असले तरी. आणि एखादा माणूस खरे मोजून तुमच्यासमोर उभा राहिला, तर हसण्याआधी एकदा त्याने आणलेल्या गोष्टीला हात लावून बघा.

ताई अजून सुटीच्या सकाळी कड्यावर जाते. मोजणी कोणी मागत नाही, तरी ती मोजते. दमली की तिथल्या सपाट दगडावर बसते. तो दगड बराच रुंद आहे. मी फार दिवस तिच्यासोबत चढू शकेन असे वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात, तर तिच्या शेजारी जाऊन बसा. काही बोललेच पाहिजे असे नाही.