सही केलीस ना?

घराच्या पुढच्या खोलीतल्या दवाखान्यात त्या सकाळी पाच-सहा रोगी गाल धरून बसले होते. भिंतींवर अकरा चित्रं होती आणि त्यांवरून दातांच्या डॉक्टरसाहेबांच्या रसिकतेची फार वाहवा होत असे. चित्रं होती त्यांच्या धाकट्या बहिणीने काढलेली. लग्न होऊन ती दोन खोल्यांच्या घरात गेली, तेव्हा "जागा झाली की नेईन" म्हणून तिने ती भावाकडे ठेवली होती. त्याला नऊ वर्षं झाली. गेली चार वर्षं ती मागत होती आणि दादा "बघू" म्हणत होते.

आज ती टेम्पो घेऊनच आली. परवा तिचं पहिलं प्रदर्शन होतं.

"दादा, चित्रं नेते रे."

"अगं, तुझ्याकडे काय नि माझ्याकडे काय! भिंती उघड्या पडतील."

"भिंतींना रंग दे. चित्रं माझी आहेत."

मग दादांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. वडील गेल्यावर बहिणीने हक्क सोडल्याच्या कागदावर हसतहसत सही दिली होती. "घर आणि घरातल्या सर्व चीजवस्तू, असं लिहिलंय त्यात. सही केलीस ना? वाचायचं होतं!"

सख्ख्या भावाने पुढे केलेला कागद कोणती बहीण वाचते? तिथेच आपण तिचा गळा कापतो आणि वर तिच्या मायेचं कौतुक करतो! बापाचं घर गेलं, तिने हूं की चूं केलं नाही. आता तिच्या हातांनी घडवलेलंही हवं?

आई आतून आली. "भावाशी वाकडं घेऊ नकोस, बाळा. माहेर तुटेल."

"आई, लेक परक्याचं धन म्हणता ना? मग लेकीची चित्रं घरची कशी?"

ती स्टूल ओढून वर चढली. स्टूल डगमगलं.

"एक जरी काढलंस, तर या घराची पायरी चढायची नाही!" दादा ओरडले.

तेवढ्यात वहिनी ओले हात पुसत आल्या आणि त्यांनी स्टूल घट्ट धरलं. "वन्सं, मोठं आधी उतरवा."

"तू कशाला मध्ये पडतेस?" दादा बायकोवर खेकसले.

"माझ्या भावाने माझी अशीच सही घेतली, तेव्हा तुम्ही त्याला चोर म्हणाला होतात."

वहिनींनी पहिलं चित्र हातात घेतलं आणि खाली माना घालून बसलेल्या रोग्यांना विचारलं, "दार कोण उघडतंय?"