चारशे सतरा नंबरचा शर्ट

हवालदार दुकानात आला तेव्हा लॉन्ड्रीवाला चारशे सतरा नंबरच्या शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होता. बायको दोन दिवस घरी नव्हती. गिऱ्हाइकाच्या कोटाची शिवण कुणामुळे उसवली, यावरून दोघांचं वाजलं होतं. रुसून बहिणीकडे गेली असेल, असं धरून त्याने दुकान उघडलं होतं.

"काका, आधी इस्त्री बंद करा," हवालदार म्हणाला.

ती कालव्याजवळ सापडली. त्या वर्षात मारली गेलेली तिसरी बाई.

तो तसाच निघून गेला. शर्ट शेजारच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला देऊन टाकला.

मग चौथी गेली, एक नर्स. त्यानंतर पाच महिन्यांनी संशयित पकडला गेला आणि इन्स्पेक्टर त्याच्या घरी सापडलेला तोच शर्ट पिशवीत घालून दुकानात आला.

"कॉलरमधला नंबर तुमचा?"

"माझाच. एरवी नंबर बायको घालायची. माझा सात असा वाकडा येतो."

"शर्ट कधी आला होता?"

"ती घरातून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

"डाग होता?"

"होता. बाहीवर, पोटावर. घोळणा फुटला म्हणाला."

"मग?"

"काढला."

इन्स्पेक्टरने कपाळावर हात मारला. "अहो, थोडा तरी ठेवायचा! तपासणीत काहीच निघालं नाही."

पहिल्या धुण्यात फिकट कडा राहिली होती, म्हणून त्याने शर्ट पुन्हा घेतला होता. थंड पाणी, मीठ, मऊ ब्रश. रक्ताला गरम पाणी दाखवलं की डाग पक्का बसतो, हे बायकोनेच शिकवलेलं. त्याच्या चिकाटीला ती हसायची. "तुमच्या हाती दिलं तर माणसाची जन्मखूणसुद्धा पुसून टाकाल!"

पुराव्याअभावी माणूस सुटला. त्या दिवशी पोलीस ठाण्याच्या बाकावर नर्सची आई लॉन्ड्रीवाल्याच्या शेजारी बसली होती.

"सगळा निघाला?" तिने विचारलं.

"सगळा."

"शिवणीत वगैरे?"

"शिवणी उलट्या करून घासतो मी, ताई."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. "माझ्या पोरीचे युनिफॉर्म तुमच्याकडेच यायचे. औषधांचे डाग पडायचे ना. काम चोख तुमचं."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढे धरली.

दुकान आता चालू आहे. रक्ताचा डाग दिसला की तो कपडा परत करतो. "एवढंसं तर आहे, तुम्ही तर हुकमी काढता," गिऱ्हाइकं म्हणतात. तो मान हलवतो आणि पुढचा कपडा घेतो. सुटलेला माणूस दोन गल्ल्या सोडून राहतो. हल्ली कपडे दुसरीकडे देतो.

घरी न्हाणीघरात, कोरड्या बादलीत, बायकोने धुवायला काढलेले कपडे आहेत. एक गाऊन, टॉवेल, तिच्या उशीचा अभ्रा. ते अजून धुवायचे राहिलेत.