भट्टीचं तोंड

सोनिकाने भट्टीच्या खालच्या दारातून हात घालून राखेतून घडा बाहेर काढला आणि उन्हात फिरवून पाहिला. सगळा काळाठिक्कर. रथ दिसेना, घोडे दिसेनात, हार मुठीत धरून उभी असलेली बायको दिसेना. बोटाला तेवढ्या सुईने कोरलेल्या रेघा लागत होत्या.

जुन्या ग्रीक घड्यांवर असतात तशा लाल मातीवर काळ्या आकृत्या तिने काढल्या होत्या. हाराच्या लोभाने बायको नवऱ्याला मरणाच्या युद्धावर धाडते, अन् तो रथात चढताना वळून तिच्याकडे बघतो. ते चित्र पाहून तिचा नवरा टिकेश हसला होता.

"पाह्य, तुमच्या ग्रीसमधी बी बाईच दगा देते!"

घडा नागपूरच्या संग्रहालयात दाखवायचा होता. पसंत पडला तर वर्षभराचं काम, टीनाला घेऊन तिथेच राहायचं. "जा ना, मी धान पाहतो," असं टिकेशच म्हणाला होता.

काल भट्टीपाशी तीच बसणार होती. पण टीना तापाने फणफणली, आईला सोडेना. धूर कोंडून घडा काळा व्हावा म्हणून भट्टीचं वरचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं. काही वेळाने ते फोडायचं, म्हणजे हवा लागून माती पुन्हा लाल होते, आकृत्यांचा लेप काळाच राहतो. टिकेशला हे समजावून ती आत गेली होती. मग खिडकीतून विचारलंही होतं.

"फोडलो, फोडलो. तू पोरीले पाह्य."

आता तिने मान वर केली. तोंडावरचं लिंपण अख्खं होतं. लिंपताना उमटलेली तिची चार बोटंसुद्धा तशीच.

टिकेश टीनाला कडेवर घेऊन अंगणात आला.

"काऊन, काय झालं?"

"काळा पडला."

"अरे बाप्पा! मी तं फोडलो होतो वेळेवर." भट्टीकडे न बघता त्याने टीनाला उंच उडवून झेललं. "जाऊ दे. पुढच्या साली धाडजो. पोरगी बी लहान आहे."

किती दिवसांनी त्याचा आवाज असा मोकळा लागत होता.

"आता काईच नाही होत का त्याचं?"

उघड्या भट्टीत पुन्हा तापवला की घडा लाल होतो. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"नाही," सोनिका म्हणाली. "टीनाला घेऊन मायच्या घरी जाऊन या. सांजेपर्यंत राहा. मला राख काढायची आहे."

तिने टीनाला टोपी घातली. औषधाची बाटली त्याच्या खिशात ठेवली.

"औषध देताना व्हिडिओ कॉल करा."

"देतो म्हटलं ना. भरोसा नाही का माह्यावर?"

"करा मात्र."

तो हसत निघाला. बापलेक वळणाआड गेले, तशी सोनिकाने लोखंडी सब्बल उचलली आणि भट्टीचं तोंड फोडलं.