दोघी जावा आणि कामांची यादी

दातांच्या दवाखान्यात बारा वर्षं पेशंटची नावं पुकारून थोरली कंटाळली आणि तिनं वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या क्लासला नाव घातलं. घरात कौतुक झालं. आठवड्याभरात धाकट्या जावेनंही नाव घातलं. "ताई, तेवढीच तुम्हाला सोबत," ती म्हणाली. थोरली हसली, पण तोंडदेखलं.

क्लासच्या बाईंनी पहिलं काम दिलं ते कामांच्या यादीचं. चौकटीत काम लिहायचं, बटण दाबलं की ते खाली यादीत यायचं, झालं की त्यावर काट. थोरलीचं बटण हट्टी निघालं. दाबलं की काम क्षणभर दिसायचं, पान आपोआप नव्यानं उघडायचं आणि यादी कोरी! धाकटीचं मात्र दुसऱ्याच दिवशी चालू. वर तिनं निळसर रंग आणि गोल कोपऱ्यांचा साजही चढवला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "अगंबाई, हे तर विकत आणल्यासारखं दिसतंय!"

थोरलीचा नवरा म्हणाला, "अडलंय तर तिला विचार ना."

"तिला? मेले तरी नाही," थोरली पुटपुटली.

पाचव्या दिवशी तिला चूक सापडली. बटण दाबलं की ब्राउझर चौकटीत लिहिलेलं फॉर्म समजून पाठवून देत होता, म्हणून पान नव्यानं उघडत होतं. कोडच्या एका ओळीनं त्याला अडवायचं होतं, इतकंच. त्याच झपाट्यात तिनं पुढचा धडाही वाचला. पान बंद केल्यावर यादी टिकायला हवी असेल, तर ती ब्राउझरमध्ये साठवावी लागते. धाकटी आंघोळीला गेल्यावर थोरलीनं तिचा लॅपटॉप उघडून पाहिलं. धाकटीनं यादी साठवलीच नव्हती. सांगायला एक मिनिट पुरलं असतं. थोरली मूग गिळून बसली.

शनिवारी सगळ्यांनी आपापलं काम मोठ्या पडद्यावर दाखवलं. धाकटीचं पान पाहून वर्ग "वा!" म्हणाला. मग बाई म्हणाल्या, "आता पान बंद करून पुन्हा उघडा."

यादी गेली होती. धाकटीचे कान लाल झाले. थोरलीचं पान दिसायला ओबडधोबड, पण तिची सहाच्या सहा कामं जागच्या जागी होती. टाळ्या तिला मिळाल्या, आणि आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या जिवाला थंड वाटलं.

घरी जाताना धाकटीनं विचारलं, "ताई, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

थोरलीला खोटं बोलवेना. "हो."

"मलापण तुमच्या बटणाची चूक पहिल्याच दिवशी दिसली होती."

थोरली जागीच थांबली. "आणि तू बोलली नाहीस?"

"लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय, थोरलीकडून शिक, थोरलीसारखं कर. म्हटलं, एकदा तरी तुमचं अडू दे."

आपला हेवा वाटावा असं आपल्यात काही असेल, हे थोरलीच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. आलं ते हसू. "म्हणजे दोघीही एकाच माळेचे मणी!"

दुसऱ्या दिवशी तिनं धाकटीला शेजारी बसवून साठवण्याचा धडा समजावला. जे जमवायला तिचे दोन दिवस गेले होते, ते धाकटीनं पंधरा मिनिटांत केलं. थोरलीच्या पोटात पुन्हा दुखलं.

"छान झालंय गं," ती म्हणाली. त्यातलं निम्मं तरी खरं होतं.