बिनवासाची पात

आप्पांचा चिठ्ठीवर जितका विश्वास होता तितका माणसांवर नव्हता. परदेशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली होती. खोक्यावर बँडेज लिहिलं असेल तर आत बँडेजच असणार, फोडून बघायची पद्धत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहरापासून तीन तासांवरच्या खेड्यात एक छोटं घर घेतलं आणि तिथेही तोच कारभार सुरू केला. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’, साखरेच्या डब्यावर ‘साखर’, मागच्या दाराच्या किल्लीवर ‘मागचं दार’. ती किल्ली कायम मागच्या दारालाच लटकलेली असे, पण आप्पांना ते सांगणार कोण?

सांगणारी एकच होती, ती म्हणजे माई, त्यांची बायको. आणि माई गेले सहा महिने घरात नव्हत्या.

खेडं ही आप्पांची हौस. माईंना ते घर पहिल्या दिवसापासून खायला उठलं होतं. एक बेकरी, एक टपालपेटी, दिवसातून दोनदा येणारी बस आणि बोलायला कुत्रंसुद्धा नाही. एक थंडी त्यांनी कशीबशी काढली. दुसरी तोंडावर आली तेव्हा शहरातली लेक बाळंत होणार होती, आणि माईंनी बॅग भरली. बॅगेला लेकीच्या पत्त्याची चिठ्ठी आप्पांनीच बांधली, सुवाच्य अक्षरात. बसच्या थांब्यावर माई म्हणाल्या, “वसंतात येईन. आठ दिवस राहून बघेन. जमलं तर राहीन, नाहीतर माझा नाद सोडा. तुम्ही इथे, मी तिथे.”

आप्पा म्हणाले, “स्वेटर घेतलास का?” त्यांना म्हणायचं होतं ते हे नव्हतं. पण पन्नाशीनंतर नवऱ्यांना जे म्हणायचं असतं ते तोंडातून बाहेर पडतच नाही, त्याला आप्पा तरी काय करणार.

जायच्या आदल्या दिवशी माई परसात गुडघे टेकून काहीतरी लावत होत्या. जवळ कागदी पिशवी होती आणि हातात त्यांची ती दोरी, वीतभर अंतरावर गाठी मारलेली. मायदेशी क्वार्टरच्या मागे त्या याच दोरीने कांदे लावायच्या. आप्पा शिडीवर चढून पन्हळीतला पाला काढत होते. त्यांनी वरूनच विचारलं, “काय लावतेयस?”

“उगवलं की कळेल.”

आप्पा खाली उतरेपर्यंत माई आत गेल्या होत्या. पिशवीत एकच नग उरला होता. तपकिरी साल, टोकाला निमुळता. आप्पांनी तो दोन बोटांत धरून फिरवून पाहिला, रांगेतल्या शेवटच्या गाठीपाशी खोचला आणि माई गेल्यावर रांगेच्या तोंडाशी काठी रोवून तिला चिठ्ठी लावली. ‘कांदा. नग साठ.’ मग बर्फ पडलं आणि सगळंच झाकलं गेलं.

माई वसंत लागताच येणार होत्या. मग बाळाची लस निघाली, मग जावयाची फिरती. आप्पा फोनवर “बरं, बरं” म्हणत. फोन ठेवल्यावर ते टेबलाशी बसून राहत आणि चहावर साय धरे. त्यांना माई हव्या होत्या. ही एवढी साधी गोष्ट, पण तिची चिठ्ठी काही त्यांनी कुठे लावली नव्हती.

बर्फ गेलं, रस्त्याचा चिखल झाला. समोरच्या बेकरीवालीने खिडकी उघडली आणि परसात हिरवी पाती वर आली. नीट रांगेत, वीतभर अंतरावर, अगदी माईंच्या हातची. आप्पा रोज उठून आधी ती बघायचे. काही दांड्यांच्या टोकाला फुगीर बोंडंही धरली. एकदा त्यांनी एक पात चुरगाळून नाकाशी नेली. काहीच नाही. आप्पांना आश्चर्य वाटलं नाही. इथल्या मातीत कशालाच वास नाही, कोथिंबीर आणि गवत डोळे मिटून एकच, हे ते बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. आता पुरावाच मिळाला.

“परसात काही वर आलं का?” माईंनी फोनवर विचारलं.

“वीतभर आलंय.”

“मी येईपर्यंत सांभाळा.”

“तू ये तर,” आप्पा म्हणाले, आणि मनातल्या मनात हसले. पात सांभाळत बसलं तर जून होते, हे माईंनीच त्यांना शिकवलं होतं.

माई यायच्या दिवशी आप्पांनी सकाळीच कात्री घेतली आणि सगळी रांग कापून काढली. हाताला बुळबुळीत चीक लागला. एक जुडी बाजूला काढून ते बेकरीवालीकडे गेले, कारण बाई दर आठवड्याला पाव देताना एखादा जास्तीचा घालायची. जुडी बघून तिने दोन्ही हात गालांवर ठेवले, मग आप्पांना मिठीच मारली. पातीच्या जुडीला एवढं? आप्पा लाजून घरी आले. मग त्यांनी सुरेख फोडणी केली, भाजी परतली, भात लावला आणि शर्ट बदलून थांब्यावर जाऊन उभे राहिले.

माई उतरल्या, थोड्या बारीक झालेल्या. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले आणि टेबलाशी बसल्या. आप्पांनी झाकण उचललं.

“ही कसली भाजी?”

“पातीची. ओळखली नाहीस? तुझीच आहे.”

माई उठल्या आणि मागच्या दाराने परसात गेल्या. आप्पांना खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. त्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, वाकून चिठ्ठी वाचली, परत आल्या आणि कढई उचलून भाजी कचऱ्यात ओतली.

“खाल्लीत का तुम्ही?”

“नाही. तुझ्यासाठी थांबलो होतो.”

“वाचलात. विषारी असते ती. फुलझाडं होती, अहो. वास नाही आला कांद्याचा?”

“मला वाटलं, इथे वास—”

“कशालाच नसतो. माहितीये.” माई खुर्चीवर बसल्या. “थंडीभर तुम्ही त्या खिडकीशी बसता म्हणून तिच्यासमोर लावली होती. मनाशी म्हटलं, फुलली तर राहायचं. इथे माझ्या हातचं काहीतरी उगवलं तर राहायला जमेल मला.”

आप्पांनी भात वाढला. दोघांनी नुसता भात खाल्ला.

माईंनी बॅग उघडली, पण रिकामी केली नाही. ती दाराशीच राहिली. वरचे कपडे काढायच्या, धुवायच्या, वाळवून पुन्हा आत ठेवायच्या. आप्पा त्या बॅगेला वळसा घालून ये-जा करत. लेकीचा फोन आला की माई दार लावून बोलायच्या.

चौथ्या दिवशी माई पाव आणायला गेल्या आणि तासभर आल्याच नाहीत. आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, “चपला घाला.”

बेकरीच्या खिडकीत, पावांच्या मधोमध, काचेचा पेला होता. त्यात आप्पांची जुडी. बोंडं उमलली होती. दहा-बारा फुलं, पिवळीधमक. बेकरीवाली काउंटरमागून हातवारे करत गिऱ्हाइकांना आप्पांकडे बोट दाखवत होती. याच गृहस्थाने आणून दिली म्हणून.

आप्पा खिडकीशी खूप वेळ उभे राहिले. “ही होय,” ते म्हणाले. आणि मग, “चुकलो गं मी.” चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य माईंनी दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ते टॅक्सीवाल्याला उद्देशून होतं.

घरी येताना आप्पांनी विचारलं, “परत येतात का?”

“कंद जमिनीत आहेत. पानं गेली, त्यामुळे दमतील. कुणी हात लावला नाही तर पुढच्या वसंतात येतील, नाहीतर त्याच्या पुढच्या.” माई चिखल चुकवत चालत होत्या. “पण तुमच्या ताब्यात देऊन जायचं म्हणजे अवघडच आहे.”

आठव्या दिवशी दुपारची बस होती. माईंना परसात उशीर होत होता, म्हणून आप्पांनी स्वतःच बॅग उचलून पुढच्या पायरीवर नेली. मग ते मागे बोलवायला गेले. माई रांगेशी बसल्या होत्या, हातात काठीवरची चिठ्ठी.

“पेन आणा.”

आप्पांनी पेन खिशातूनच काढलं. माईंनी चिठ्ठी उलटी करून त्यांच्या पुढे धरली. “लिहा. फुलं. नग साठ.” आप्पांनी लिहिलं. “खाली लिहा, खाऊ नये.” तेही त्यांनी सुवाच्य लिहिलं. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. माईंनी मान वर केली नाही. त्यांनी चिठ्ठी काठीला बांधली, गाठ ओढून पाहिली आणि हाताची माती झटकली.

“आता पुढे जा,” त्या म्हणाल्या, “आणि बॅगेवरचा पत्ता बदला. तोही चुकीचाच लिहिलाय तुम्ही.”